बीचवर्थचा ‘जेरिल्डरी’: नेड केलीच्या नावाचं कॉकटेल

ग्लास नव्हताच. काळ्या पत्र्याचा मग होता, डोक्यावर घालायच्या टोपासारखा, आणि समोर डोळ्यांच्या फटीसारखी एक आडवी खाच. मी आधी तो नखाने वाजवून पाहिला. भोसरीला टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढली, हाताची सवय जात नाही. दोन मिलिमीटरचा साधा माइल्ड स्टीलचा पत्रा, उभा वेल्ड ग्राइंडरने साफ केलेला, बाहेरून काळं पावडर कोटिंग. काम चोख होतं. पण त्या मगामुळेच आतलं पेय निम्मं वाया गेलं. नंतर तेच पेय काचेच्या साध्या ग्लासात मागून घेतलं, तेव्हा कळलं की इतका विचार करून बनवलेलं पेय मी याआधी प्यायलोच नव्हतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मेलबर्नला मुलाकडे, मुलीकडे जाणारे आपल्याकडचे आईवडील आता पुष्कळ आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

बीचवर्थ हे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातलं गाव. मेलबर्नहून ह्यूम हायवेने गाडीने तीन तास धरा. 1852 मध्ये इथे सोनं सापडलं आणि गाव उभं राहिलं. मुख्य रस्त्यावरच्या कोर्ट, कचेऱ्या सगळ्या मधाच्या रंगाच्या ग्रॅनाइटच्या आहेत, आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या वाड्यांची सवय असलेल्या डोळ्यांना त्या फार उजळ दिसतात. आम्ही जुलैत गेलो, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. मुलगा, सूनबाई, आमची ही आणि मी. बार जुन्या दगडी इमारतीत आहे, आत लाकडं जळणारी शेकोटी, सात-आठ टेबलं. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि चालवणारी माणसं दोन-तीनच आहेत, ती मनापासून काम करतात.

मेन्यूवर पेयाचं नाव ‘जेरिल्डरी’. किंमत 26 डॉलर, म्हणजे आपले साधारण चौदाशे रुपये. महाग आहेच. मी शनिवारी एक पेग घेणारा माणूस, एका ग्लासाला एवढे पैसे मोजायला मन होत नव्हतं. पण नावाखाली घटक लिहिले होते: आयरिश व्हिस्की, रदरग्लेन मस्कॅट (तिकडची गोड वाइन), लिंबू, इथल्या मधाचा पाक, आणि शेवटी दोन शब्द, ‘जळलेलं गहाणखत’. ते वाचलं आणि मी मुलाला म्हटलं, हे मागव.

नेड केली कोण, ते आधी सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रेलियाचा गाजलेला दरोडेखोर. बाप आयर्लंडमधल्या टिपररीचा, दोन डुकरं चोरली म्हणून काळ्या पाण्यासारखी शिक्षा होऊन इकडे आलेला. मुलखात जमिनीचे दोन वर्ग होते. हजारो एकर बळकावून बसलेले स्क्वॉटर, आणि सरकारकडून लहान तुकडा हप्त्याने घेऊन तो कसणारे सिलेक्टर. सिलेक्टरने जमिनीवर राहायचं, कुंपण घालायचं, लागवड करायची, हप्ते भरायचे. चुकलं की जमीन गेली. बहुतेक आयरिश कुटुंबं या दुसऱ्या वर्गातली. केलींच्या घरात चोरीची जनावरं, पोलिसांची ये-जा, तुरुंग हे लहानपणापासूनच होतं. 1878 च्या एप्रिलमध्ये एका हवालदारावर हल्ला झाल्याच्या खटल्यात नेडच्या आईला, एलेन केलीला, याच बीचवर्थच्या कोर्टात ऑक्टोबरमध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. तान्ही मुलगी कडेवर घेऊन ती तुरुंगात गेली. न्यायाधीश रेडमंड बॅरी.

त्याच महिन्यात, म्हणजे ऑक्टोबर 1878 मध्ये, स्ट्रिंगीबार्क क्रीकच्या जंगलात नेड, त्याचा भाऊ डॅन, जो बर्न आणि स्टीव्ह हार्ट यांनी शोधायला आलेल्या पोलिसांना गाठलं. तीन पोलीस मेले. त्यानंतर चौघांवर सरकारने ‘दिसताक्षणी मारा’ असा कायदाच लावला. डिसेंबरात त्यांनी युरोआची नॅशनल बँक लुटली, आणि 1879 च्या फेब्रुवारीत नदीपलीकडे न्यू साउथ वेल्समध्ये जेरिल्डरी गावची.

जेरिल्डरीचा दरोडा ऐकण्यासारखा आहे. शनिवारी रात्री गावच्या दोन्ही पोलिसांना त्यांच्याच कोठडीत कोंडलं, त्यांचेच गणवेश अंगावर चढवले आणि रविवारभर गावात वावरले. सोमवारी बँक. बँक आणि रॉयल मेल हॉटेल एकाच इमारतीत होते. गावकऱ्यांना हॉटेलात बसवून ठेवलं, नेडने सगळ्यांना दारू पाजली, दोन हजारांहून जास्त पौंड घेतले, आणि बँकेतली कर्जाची, गहाणाची कागदपत्रं काढून जाळली. बरोबर एक 56 पानांचं पत्र आणलं होतं, त्याने सांगितलेलं आणि जो बर्नने लिहिलेलं, साधारण आठ हजार शब्दांचं. ते छापून हवं होतं. छापखान्याचा मालक पळून गेला होता, म्हणून ते बँकेच्या हिशेबनिसाकडे दिलं. नेडच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. आज ते मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत आहे.

गहाणखतं जाळली हे वाचलं आणि मला आमचा शिरूर तालुका आठवला. आमचं गाव करड्यापासून फार लांब नाही. 1874 च्या अखेरीला करड्याच्या लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला, त्याला न्हावी नाही, पाणी भरणारा नाही. पुढे 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली, खतं-रोखे बाहेर काढले आणि होळी केली. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरला, पण माणसं फारशी मारली गेली नाहीत. कागद हवे होते, ते मिळाले की लोक घरी गेले. माझे आजोबा ही गोष्ट सांगायचे. त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलेली. “कागद जळाला की माणूस सुटतो,” असं त्या म्हाताऱ्याचं वाक्य आमच्या घरात चालत आलंय. जेरिल्डरी 1879 ची, त्याच साली आपल्याकडे दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, आणि त्याच फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी धामारीला पहिला छापा घातला. राणी एकच होती. समुद्राच्या दोन टोकांना कुळं एकाच तऱ्हेच्या कागदाने बांधलेली होती. शेकोटीजवळ बसून हे मी मुलाला सांगत होतो, तेवढ्यात पेयाचा मग आला.

आणणारी मुलगी तिशीतली असेल. तिने मग ठेवला, तळहाताएवढा तांदळाचा कागद उचलला, त्यावर तपकिरी शाईने काही ओळी छापलेल्या, खाली सहीची रेघ. काडी ओढून कागद पेटवला आणि मगाच्या तोंडावर धरला. कागद भसकन जळला, राख पेयात पडली. मगाच्या कडेवरून काकडीच्या सालीची एक लांब हिरवी पट्टी आत सोडलेली होती. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक मोबाइल काढून बघत होते.

आता चव. पहिला घोट घेतला आणि ओठांना गार लोखंड लागलं. पुढे सगळ्यात आधी आली ती लोखंडाचीच चव, त्यामागून राखेचा कडवटपणा, त्यामागे लिंबू. व्हिस्की कुठेतरी खाली. मी मगाच्या आत बोट फिरवून पाहिलं. आतून कोटिंग नव्हतं, उघडा पत्रा तेल लावून काळा केलेला. लिंबू आणि उघडं लोखंड! लोखंडी कढईत आमसूल टाकलं तर काय होतं ते आपल्या घरातली कोणीही बाई सांगेल. पंधरा मिनिटांत पेयाचा रंगच काळपट झाला. शिवाय मग पत्र्याचा असल्यामुळे हाताची ऊब लगेच आत जात होती आणि बर्फ भराभर वितळत होता. शेवटचे तीन घोट पाण्यासारखे लागले.

दुसरं कोणी असतं तर उठून गेलं असतं. मला मात्र आत काहीतरी चांगलं आहे हे जाणवत होतं. काळ्या मनुकांसारखी, जुन्या गुळासारखी एक गोड खोली मधूनच लागत होती आणि लोखंड ती दाबून टाकत होतं.

बार रिकामा झाल्यावर मी काउंटरपाशी गेलो. इंग्रजी माझं कामापुरतं आहे, मुलगा सोबत होता. मी त्या मुलीला म्हटलं, मी लोहाराचा मुलगा, तुमचा हा मग मला आवडला, पण आतून त्याला स्टेनलेसचं अस्तर हवं, नाहीतर लिंबाने रोज थोडं थोडं लोखंड पेयात उतरणार. तिने मग हातात घेतला, आतून वास घेतला, आणि म्हणाली, “मलाही वाटत होतं चवीत काहीतरी अडतंय, पण मी मधाला दोष देत होते.” मी म्हटलं, हेच काचेत द्याल का? आणि राख पेयात न पडता नुसता धूर देता येईल का?

तिने जे केलं ते मी जवळून पाहिलं. ओल्या पाटीच्या दगडावर रेड गमच्या लाकडाची एक ढलपी ठेवली, तिच्यावर गहाणखताचा कागद. दोन्ही पेटवले आणि वर जाड बुडाचा ग्लास उपडा घातला. ज्योत विझली, ग्लासात पांढरा धूर कोंडून राहिला आणि काचेला आतून हलकासा तपकिरी थर आला. तेवढ्यात तिने दुसरीकडे मापं घेतली. आयरिश व्हिस्की 45 मिली, मस्कॅट 20, लिंबाचा रस 15, मधाचा पाक चमचाभर, बिटर्स या कडू अर्काचे दोन थेंब. बर्फाबरोबर हलवून, ग्लास सुलटा करून एका मोठ्या बर्फाच्या तुकड्यावर गाळलं. धूर ग्लासाच्या कडेवरून सांडून काउंटरवर पसरला. राख मागे पाटीवर राहिली. शेवटी काकडीची हिरवी पट्टी, या वेळी ग्लासाच्या आतल्या बाजूला तिरकी, खांद्यावरून कमरेला घेतात तशी.

ती पट्टी शोभेची नाही. नेड दहा-अकरा वर्षांचा असताना एव्हनेल गावात नाल्यात बुडणाऱ्या एका लहान मुलाला त्याने वाचवलं. त्या मुलाच्या घरच्यांनी त्याला सोनेरी झालरीचा हिरवा रेशमी पट्टा बक्षीस दिला. जून 1880 मध्ये ग्लेनरोवन गावी पोलिसांशी झालेल्या शेवटच्या लढाईत लोखंडी टोप-चिलखताखाली त्याने तोच पट्टा बांधला होता. रक्ताचे डाग असलेला तो पट्टा आज बेनाल्लाच्या संग्रहालयात आहे, आम्ही जाताना तिथे थांबलो होतो. मुलाला वाचवल्याबद्दल मिळालेली वस्तू माणसाने मरायला निघताना अंगावर घ्यावी, यात त्याने स्वतःला काय समजलं होतं ते दिसतं. त्या मुलीने हे मेन्यूवर कुठेच लिहिलेलं नाही. मी विचारलं तेव्हा सांगितलं.

दुसऱ्या ग्लासाची चव सांगतो. नाकाशी नेला की आधी धूर, पण चुलीचा घट्ट धूर नाही. शेकोटी विझल्यावर कपड्यांना येतो तसा. मग मध. व्हिस्की हलकी, आयरिश असल्यामुळे स्कॉचसारखी अंगावर येत नाही. मधल्या घोटात मस्कॅट. हे रदरग्लेन बीचवर्थपासून तासाभराच्या आत आहे. तिथे तपकिरी मस्कॅट द्राक्षं वेलीवरच सुकेपर्यंत ठेवतात, अर्धी मनुका झाल्यावर तोडतात, आंबताना मधेच दारूचा अर्क घालून गोडवा धरून ठेवतात आणि मग लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतात. चार दर्जे आहेत: साधी रदरग्लेन, मग क्लासिक, ग्रँड, आणि वीस-वीस वर्षांहून जुनी रेअर. इथे क्लासिक वापरतात. जिभेवर ती काळ्या मनुका, करपलेला गूळ आणि थोडी संत्र्याची साल अशी लागते. तिच्यामुळे हे पेय या मातीचं वाटतं. व्हिस्की बापाच्या गावची, मस्कॅट मुलाच्या गावची, असं मी मनात म्हटलं. शेवटी लिंबू सगळं धुऊन नेतं आणि काकडीचा हिरवा गारवा राहतो. वीस मिनिटं मी तो एक ग्लास पुरवला. बर्फ वितळला तरी चव बिघडली नाही.

आमच्या हिने बिनदारूचा प्रकार घेतला, 14 डॉलर. द्राक्षरस आटवून, आलं, लिंबू, तोच धूर. तिला फारच आवडला, “कोकम सरबताला धुंगार दिल्यासारखं आहे,” म्हणाली आणि दुसरा मागवला. सूनबाई गाडी चालवणार होती, तिनेही तोच घेतला. खायला बटाट्याच्या फोडी आणि चीज. बरं होतं, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

मगाबद्दल माझं म्हणणं जरा स्पष्ट सांगतो, कारण त्या भागात जाल तिथे तो टोपच दिसतो. ग्लेनरोवनला रस्त्याकडेला सहा मीटर उंचीचा नेड उभा आहे, टोप घातलेला. चहाचे कप, किल्ल्यांच्या साखळ्या, टॉवेल, सगळ्यावर टोप. आठवडाभर आधी मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत मी खरं चिलखत पाहिलं. 44 किलो. गोळ्यांचे खळगे अजून दिसतात. लोखंड कुठलं, तर नांगराचं. माती उलटी पाडणारा जो वाकडा जाड पत्रा लोखंडी नांगराला असतो ना, ते पत्रे गोळा करून, काही शेतकऱ्यांनी दिलेले, काही चोरलेले, ठोकून सरळ केले आणि रिबिटांनी जोडले. जो बर्नचं चिलखत सिडनीजवळच्या ल्युकस हाइट्सच्या अणुसंशोधन केंद्रात तपासलं, तेव्हा निघालं की लोखंड कारखान्याच्या भट्टीत नाही, जंगलातल्या उघड्या जाळावर तापवलेलं होतं, कुठे जास्त, कुठे कमी.

माझे वडील शेतकऱ्यांचे फाळ पाजवायचे. बदल्यात खळ्यावर धान्य. भाता मी ओढायचो. फाळ लाल झाला की ते त्याच्याकडे बघून सांगायचे, आता घाल, आता थांब. चिलखतासमोर उभा राहिलो तेव्हा ठोकण्याच्या प्रत्येक खुणेत मला दिसत होतं की हे काम रात्री, घाईत, कोणी येईल या भीतीने केलंय. कडा वाकड्या आहेत, पत्रा कुठे नीट बसलेला नाही. आणि पाय उघडे. शेवटी पोलिसांनी पायांवरच गोळ्या घालून त्याला पाडलं. ते बघताना माझा गळा भरून आला, हे लिहायला मला संकोच नाही. नांगराचं लोखंड अंगावर घ्यायची पाळी शेतकऱ्याच्या पोरावर यावी!

म्हणूनच दोन मिलिमीटरच्या पत्र्याचा गोंडस टोप हातात आला की मला बरं वाटत नाही. पेयाचं नाव जेरिल्डरी आहे. जेरिल्डरीला चिलखत नव्हतंच, ते पुढल्या वर्षी झालं. तिथे होते ते कागद, एक पत्र, आणि हॉटेलात सगळ्यांना पाजलेली दारू. जळता कागद, मस्कॅट आणि हिरवी पट्टी एवढ्यात जेरिल्डरी पुरी होते. मी हे त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, हे टोपाचे मग मालकांनी आग्रहाने बनवून घेतलेत, फोटोसाठी लोक तेच मागतात. तुम्ही गेलात तर ‘काचेत, आणि राख बाहेर’ एवढं सांगा. ती करून देते, जास्तीचे पैसे घेत नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. मेन्यूच्या मागच्या बाजूला नेडची हकीकत छापली आहे, बरीच चांगली लिहिलेली. आईची शिक्षा आहे, पत्र आहे, फाशी आहे. स्ट्रिंगीबार्क क्रीकवर मेलेल्या तिघांची नावं नाहीत. केनेडी, स्कॅनलन, लोनिगन. हे तिघेही आयर्लंडहूनच आलेले. केनेडी आणि लोनिगन यांची घरी बायकामुलं वाट बघत होती. आम्ही परतताना मुद्दाम वाट वाकडी करून मॅन्सफिल्डवरून आलो. गावाच्या मधोमध चौकात या तिघांचं स्मारक आहे. तिथे पाच मिनिटं उभे राहिलो. ग्लेनरोवनच्या खानावळीत ओलीस ठेवलेल्या लोकांपैकीही काही जण गोळ्या लागून गेले, त्यात खानावळवालीचा पोरगा होता. नेडबद्दल मला जे वाटतं ते वरती लपवलेलं नाही. पण त्याच्या नावाने पैसे घेऊन पेय विकायचं तर ही नावं त्याच कागदावर हवीत, एका ओळीत का होईना. मी तसं अभिप्रायाच्या वहीत मराठीत आणि मुलाकडून इंग्रजीत लिहून आलोय.

आणखी एक. हे पेय घेण्याआधी दिवसा गावच्या दफनभूमीत जाऊन या. तिथे चिनी खाणकामगारांसाठी बांधलेले दोन मनोरे आहेत, मेलेल्यांसाठी प्रार्थनेचे कागद जाळायचे. सोन्याच्या दिवसांत हजारो चिनी माणसं इथे होती, आणि जो बर्न त्यांच्या शेजारी वाढलेला, त्यांची थोडी भाषा बोलायचा. संध्याकाळी ग्लासाखाली कागद पेटला तेव्हा मला ते मनोरे आठवले. लायब्ररीत जाल तेव्हा बाहेरचा पुतळाही बघा. तो सर रेडमंड बॅरीचा. लायब्ररी उभी करण्यात त्याचा मोठा हात होता, नेडच्या आईला तुरुंगात आणि नेडला फासावर त्यानेच पाठवलं. 11 नोव्हेंबर 1880 ला फाशी झाली आणि बारा दिवसांनी बॅरीही गेला. आज तो दारात उभा आहे आणि नेडचं चिलखत, नेडचं पत्र आत आहे.

पुण्याला परत आल्यावर मी घरी हे तीनदा करून पाहिलं. आयरिश व्हिस्की इथे मिळते. रदरग्लेन मस्कॅट मिळत नाही, तेव्हा गोव्याची गोड पोर्ट शंभर मिली घ्यायची, तिच्यात दोन चमचे काळ्या मनुका जरा चेचून घालायच्या, तीन दिवस झाकून ठेवायची आणि गाळायची. मूळ मस्कॅटची खोली येत नाही, पण मनुकेचा अंश येतो. मध महाबळेश्वरचा, तितकंच कोमट पाणी घालून पातळ केलेला. लिंबू आपलं जास्त आंबट, म्हणून पंधराऐवजी दहा मिली. धुरासाठी पहिल्यांदा आंब्याचं लाकूड घेतलं, गोडसर लागलं. मग गावाकडून बाभळीची ढलपी आणली. वडिलांच्या भट्टीत बाभळीचाच कोळसा असायचा. ती बरोबर जमली. काकडीची पट्टी सोलायच्या सुरीने एका दमात काढायची, तुटली की दुसरी काकडी घ्यायची.

परवा गावी थोरल्या भावाला दिलं. त्याला इंग्रजी कागद कुठून आणणार, म्हणून वहीचं एक पान फाडलं आणि त्यावर आमच्या सोसायटीच्या जुन्या, केव्हाच फेडलेल्या पीककर्जाची रक्कम लिहिली. पान ढलपीवर ठेवलं, काडी लावली, ग्लास उपडा घातला. भावाने विचारलं, “हे काय रे?” मी म्हटलं, आधी पी, मग सांगतो. त्याने ग्लास हातात घेतला आणि पहिल्यांदा वास घेतला, मग म्हणाला, “अण्णांच्या भट्टीचा वास आहे.”